धान्य आहे, पण वाट नाही

(दुष्काळ निवारण समितीच्या वार्षिक सभेत हेमलकसा येथे समितीतर्फे झालेले भाषण. देणगीदारांच्या माहितीसाठी विनंतीपत्रासह छापिले आहे.)



समितीच्या विनंतीस मान देऊन आपण नागपूर, चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा व आरमोरी अशा दूरदूरच्या ठिकाणांहून येथवर येण्याची तसदी घेतलीत, याबद्दल आम्ही आपले अंतःकरणपूर्वक आभारी आहोत. आपल्यापैकी पुष्कळांचे साहाय्य समितीस वर्षानुवर्षे मिळत आले आहे. परंतु दाता आणि दान पोचण्याचे स्थळ यांची गाठ क्वचितच पडते. ती पडावी म्हणून यंदाची सभा शहरातील सभागृहात न भरविता मुद्दाम या अरण्यात भरविली. आलापल्ली मागे टाकल्यावर सागवानाच्या दाट रानातून जी वाट आपणांस येथे घेऊन आली, तीच आमच्या आजच्या भाषणाचा विषय होय.

येथून जवळच पर्लकोटा नदी आहे. पुढे भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या तिन्ही नद्या एकत्र होतात. हिवाळ्यात हा संगम पाहून मन प्रसन्न होते. पावसाळ्यात मात्र पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की पलीकडील गावे तुटतात, हा अनुभव पिढ्यानपिढ्यांचा आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी या ठिकाणी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि डॉक्टर प्रकाश व डॉक्टर मंदाकिनी आमटे येथे येऊन राहिले, तेव्हा तर पावसाळ्याचे महिने बाहेरच्या जगाशी दळणवळण जवळजवळ बंदच असे. म्हणूनच दुर्गम गावांत मृगापूर्वी पुढील महिन्यांचे स्वस्त धान्य पोचवून ठेवण्याची रीत सरकारने घातली आहे. त्या रीतीत एक मोठे शहाणपण आहे. भूक लागल्यावर धान्य शोधू नये आणि वाट बंद झाल्यावर गाडी जोडू नये.

एका पावसाळ्यातील गोष्ट सांगतो. समितीची धान्याची गाडी पुरामुळे अलीकडच्या तीरावर पाच दिवस अडकून पडली. पलीकडे माणसे वाट पाहात होती, अलीकडे पोती भिजू लागली होती. गाडीबरोबर आलेल्या हमालांनी पोती खांद्यावर घेऊन उंचावरील कोरड्या जागी नेली, ताडपत्री घातली, रात्री पहारा केला आणि पाणी ओसरू लागताच डोंग्यांतून ती पलीकडे उतरविली. त्या जादा कामाची मजुरी देऊ केली असता ती त्यांनी घेतली नाही. त्यांच्यातील एक वयस्क गृहस्थ आम्हांस म्हणाले, "साहेब, पैसे तुमच्यापाशी आहेत, धान्य गाडीत आहे, उचलायला आम्ही आहोत. पूल कोणाकडे मागायचा, तेवढे सांगा."

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. आम्ही दुष्काळनिवारणाचे काम करणारी माणसे, पूल मागणे हे आमचे काम नव्हे, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो. ती समजूत चुकीची होती, हे आज आपणांसमोर कबूल करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वाट तीन प्रकारांनी बंद होते. पहिली नदीने बंद होते. तेथे दोष कोणास द्यावा? पूर ओसरेपर्यंत थांबावे, अगोदर साठा करावा, पूल बांधावा. दुसरी वाट भयाने बंद होते. या अरण्यात १९८० सालापासून जो सशस्त्र संघर्ष चालत आला, त्याच्या काळात बंदची हाक येई, सागाचे बुंधे रस्त्यावर आडवे पडत, आणि औषधाची पेटी व तांदळाचे पोते ही कोणासाठी चालली आहेत, असा संशय येणाऱ्या-जाणाऱ्यावर घेतला जाई. तिसरी वाट हुकुमाने बंद होते. युद्ध करणारे सरकार सांगते की हे जहाज बंदरास लागणार नाही, ही गाडी नाक्यापुढे जाणार नाही. या तिसऱ्या प्रकारात धान्यही असते, पैसेही असतात, नदीसही पाणी नसते. तरी माणसे मरतात. पहिल्या वाटेसाठी द्रव्य पुरते. तिसरी वाट द्रव्याने उघडत नाही. हुकुमाने बंद झालेली वाट दुसऱ्या हुकुमानेच उघडते, आणि तो दुसरा हुकूम कोणीतरी मागितल्याखेरीज निघत नाही.

हे मागणे नवे नव्हे. आपल्या महाराष्ट्राने ते पूर्वीच केले आहे. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यात सरदार, जमीनदार, व्यापारी, वकील असे सर्व थरांतील प्रतिष्ठित गृहस्थ होते. म्हणजे आज येथे बसले आहेत तसेच. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला आणि दुष्काळी कामे निघाली. पुढे जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने त्या कामांवरील मजुरी कमी करण्यात आली. दगड फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांनी एवढ्या अन्नावर काम होणे नाही असे म्हणून हजारोंच्या संख्येने कामे सोडली. त्यांचा ना कोणी अध्यक्ष होता, ना त्यांच्यापाशी छापील नियमांचे पुस्तक होते. तरी आमच्या मते तो कामगारांचा संपच होता. त्या वेळी सार्वजनिक सभेने आपली प्रतिष्ठा सांभाळून घरी बसणे पत्करले नाही. गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांच्या सभेने गावोगावची हकीकत गोळा केली, ती सरकारपुढे वारंवार मांडिली आणि मजुरांची बाजू घेतली. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने धनकवडीस उपाशी मुलांना जेवू घातले. एकाच दुष्काळात, एकाच जिल्ह्यात, एकीकडे अन्नछत्र आणि दुसरीकडे अर्ज, ही दोन्ही कामे झाली. १८८० सालच्या दुष्काळ कमिशनने पुढे दुष्काळात प्रजेस वाचविणे हे सरकारचे कर्तव्य होय असे मानले व त्यातून दुष्काळाचे कायदे निघाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच कायद्याने दिलेले हक्क रयतेस समजावून सांगितल्याबद्दल सभेची सरकारी मान्यता गेली. मागणे करणारास किंमत द्यावी लागते, हेही त्या इतिहासातच लिहिलेले आहे.

कामगारांच्या बाजूनेही हीच परंपरा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार करविला. तेच लोखंडे प्लेगच्या साथीत रोग्यांसाठी इस्पितळ चालविताना स्वतः प्लेगला बळी पडून फेब्रुवारी १८९७ मध्ये वारले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रीच्या शाळा, वाचनालये, औषधोपचार हे तिचे काम. आणि १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी करण्यातही त्यांचाच हात होता. या दोघांच्या मनात सेवा व मागणी यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती भिंत मागाहून आमच्यासारख्यांनी घातली.

आता युद्धकाळाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांनी ग्रीस देश व्यापला आणि ब्रिटिश आरमाराने त्याची समुद्रमार्गे नाकेबंदी केली. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरून पडू लागली. अन्न आत सोडिले तर ते शत्रूच्या पोटात जाईल, असा ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी पोकळ होता असे आम्ही म्हणत नाही; शत्रू अन्न पळवितो हे खरे आहे. परंतु खुद्द ब्रिटनमधील नागरिकांनी त्यास उत्तर शोधून काढिले. त्यांनी दुष्काळ निवारण समित्या स्थापन केल्या. त्यांपैकी ऑक्सफर्डची समिती ५ ऑक्टोबर १९४२ रोजी निघाली आणि पुढे तीच ऑक्सफॅम या नावाने जगास माहीत झाली. या समित्यांनी देणग्या जमविल्याच. पण त्यांची पहिली मागणी नाकेबंदीत वाट पाडा ही होती. १९४२ सालीच सरकारने नाकेबंदीत तशी वाट दिली. तटस्थ स्वीडनची जहाजे रेडक्रॉसच्या देखरेखीखाली कॅनडाचा गहू दरमहा पंधरा हजार टन या प्रमाणात ग्रीसला नेऊ लागली. तोपर्यंत फार माणसे मेली होती. तथापि त्या गव्हाने अगणित माणसे वाचली. अन्न शत्रूच्या हाती पडेल या आक्षेपाचे उत्तर अन्न अडविणे हे नसून तटस्थ देखरेख हे आहे, हे तेव्हा सिद्ध झाले.

आता त्याच युद्धातील आपल्या देशाची कथा ऐका. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. शत्रू बंगालच्या किनाऱ्यावर उतरल्यास त्यास काही मिळू नये म्हणून सरकारने तेथील तांदळाचे साठे हलविले व दहा माणसांहून अधिक वाहणाऱ्या नावा काढून घेतल्या. ज्या मुलखात नदी हाच रस्ता, तेथे नाव काढून घेणे म्हणजे वाट काढून घेणे होय. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापुरास वादळाने झोडपले. आणि याच सुमारास एकेक प्रांताने आपापले दार लावून घेतले. पंजाबने गहू रोखला. त्यामागोमाग आपल्या मध्यप्रांताने धान्याची निर्यात बंद केली. जूनमध्ये मद्रासने तांदूळ अडविला, जुलैत बिहार व ओरिसाने तेच केले.

गृहस्थहो, आपला चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे. बंगालच्या वाटेवर जी दारे लागली, त्यांपैकी एक दार आपल्या घरचे होते. ते लावणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता असे मुळीच नाही. आपल्या प्रांतातील माणसांना स्वस्त धान्य मिळावे एवढाच तो होता. पण प्रत्येकाने आपल्यापुरता भलेपणा केला आणि त्या सर्व भलेपणाची बेरीज दुष्काळ झाली. मे १९४३ मध्ये पूर्वेकडील प्रांतांत व्यापार मोकळा करून पाहिला. शेजाऱ्यांनी ओरड केली आणि तो प्रयोगही लवकरच मोडला. हिंदुस्थान सरकारने लंडनकडे पाच लाख टन धान्य मागितले. ऑगस्ट १९४३ मध्ये युद्धमंत्रिमंडळाने जहाजांची टंचाई पुढे करून ती मागणी फेटाळली व थोड्याशा धान्यावर बोळवण केली. कॅनडाने एक लाख टन गहू देऊ केला, त्यासही जहाज मिळाले नाही. ग्रीसला जाणारा गहू कॅनडाचाच होता. एका ठिकाणी तो पोचला, दुसऱ्या ठिकाणी बंदरावरच राहिला. कोणी म्हणेल, ग्रीसच्या वेळी स्वीडनची तटस्थ जहाजे होती, बंगालसाठी ती नव्हती. हे खरे आहे. परंतु ग्रीससाठी राजधानीत बसून रोज मागणी करणारी मोकळी माणसे होती. बंगालसाठी ज्यांनी मागणी करावयाची, त्यांतील पुष्कळजण ऑगस्ट १९४२ पासून तुरुंगात होते. बंगालमध्ये दुष्काळ आहे असे कायद्याप्रमाणे जाहीरदेखील झाले नाही. कलकत्त्याच्या स्टेट्समन पत्राने ऑगस्ट १९४३ मध्ये मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कोठे जगाचे डोळे उघडले. १९४५ सालच्या चौकशी कमिशनने मृतांची संख्या सुमारे पंधरा लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांनी ती एकवीस ते तीस लाखांपर्यंत नेली आहे.

मेले ते कोण? हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारीत आहोत. कलकत्त्याच्या गिरण्यांतील व कारखान्यांतील मजूर त्या मानाने वाचले. युद्धाचा माल बनविणारा मजूर उपाशी ठेवणे परवडणारे नव्हते म्हणून त्यास स्वस्त दराने शिधा मिळत असे. मेले ते भूमिहीन शेतमजूर, कोळी, नावाडी, खेड्यातील कारागीर. ज्यांची संघटना नव्हती, ज्यांच्या वाचून कोणाचे यंत्र थांबणार नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट आकड्यांनिशी मांडली आहे. आता आपली मुंबई पाहा. मुंबई इलाखाही तुटीचाच होता, ब्रह्मदेशच्या तांदळावाचून त्याचेही अडले होते. परंतु मुंबई शहरात मे १९४३ मध्येच रेशन सुरू झाले. कलकत्त्यास ते ३१ जानेवारी १९४४ रोजी झाले. मधल्या नऊ महिन्यांत काय घडले ते सांगण्याची गरज नाही.

१९४३ साली ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन आमच्या नागपुरास भरले होते. नारायणराव जोशी तेव्हा तिचे सरचिटणीस होते. त्या काळच्या कामगारांच्या सभांतून अन्न व महागाई हेच मुख्य प्रश्न असत. तथापि सत्य सांगावयाचे तर कामगारांचा आवाज तेव्हा दुभंगलेला होता. काही संघटना युद्धात सरकारच्या बाजूने उभ्या होत्या, त्यांना संप नको होता. काहींचे पुढारी बंदीत होते. आवाज उठला, पण उशिरा उठला आणि पुरा उठला नाही. ज्यांना शिधा मिळत होता त्यांनी, ज्यांना तो मिळत नव्हता त्यांच्यासाठी, वेळीच एकमुखाने बोलणे ही त्या वर्षाची गरज होती. आजच्या कामगार संघटना परदेशातील अडविलेल्या अन्नासाठी आपापल्या सरकारांकडे मागणी करू लागल्या आहेत, तेव्हा त्या ही जुनी चूक सुधारीत आहेत, असे आम्ही समजतो.

आणि व्यापाऱ्यांचे काय? येथे स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. कलकत्त्याच्या मारवाडी रिलीफ सोसायटीने व इतर अनेक व्यापाऱ्यांनी त्या वर्षी अन्नछत्रे चालविली, असंख्य जीव वाचविले. त्याच वर्षी तांदळाच्या खरेदीविक्रीत जो जादा नफा झाला तो सुमारे दीडशे कोटी रुपये होता, असा हिशेब चौकशी कमिशनने दिला आहे. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे एक हजार रुपये. हा आकडा आपणांस लाजविण्यासाठी आम्ही सांगत नाही. आपल्यापैकी अनेकांनी टंचाईच्या काळात तोटा सोसून माल सोडिला आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. सांगावयाचे ते इतकेच की वाट बंद राहिली म्हणजे सज्जन व्यापाऱ्याचा हात बांधला जातो आणि दुर्जनाचा मोकळा सुटतो. मोकळी वाट हे सचोटीच्या व्यापाराचेच हित आहे.

आता आजचे दिवस. १९४९ च्या जिनिव्हा कराराने युद्धातही औषधे व विशिष्ट वर्गांचे अन्न जाऊ देण्याचे बंधन घातले. १९७७ च्या जोडकराराने नागरिकांना उपाशी ठेवणे ही युद्धाची पद्धत म्हणून सरळ निषिद्ध ठरविली. मे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने एकमताने तसाच ठराव केला. कागद असा भरभक्कम आहे. तरीही सुदानमध्ये एल फाशर शहराला मे २०२४ पासून वेढा पडला आणि त्याच्या जवळील झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ असल्याचे निश्चित झाले. गाझा पट्टीत २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे अन्नाची वाट पूर्ण बंद होती, आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहर व त्याच्या परिसरात दुष्काळ जाहीर झाला. अन्न शत्रूच्या हाती पडते, हेच कारण तेथेही सांगण्यात आले. ज्या युद्धाचा आरंभ ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलच्या नागरिकांच्या निर्घृण हत्येने झाला, त्यात दुःख एकाच बाजूस आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु धान्याची गाडी नाक्यापलीकडे उभी आणि मूल नाक्याच्या अलीकडे उपाशी, हे दृश्य पाहिल्यावर पक्ष विचारण्याचे कारण उरत नाही. तो पर्लकोटेचा तीर आम्ही ओळखतो.

त्या वेळी पुढे कोण आले? फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या देशातील अकरा मोठ्या बंदरांतील साडेतीन हजार कामगारांच्या वतीने वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनने जाहीर केले की त्या युद्धासाठी जाणारी शस्त्रास्त्रे आम्ही चढविणार वा उतरविणार नाही. इटलीत २२ सप्टेंबर २०२५ रोजी व पुन्हा ३ ऑक्टोबर रोजी कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप केले. अन्न घेऊन निघालेल्या नावांना वाट द्या, ही त्यांची एक मागणी होती. १० ऑक्टोबर २०२५ रोजी गाझात युद्धविराम झाला. तो या संपांमुळेच झाला, असा खोटा दावा आम्ही करीत नाही. परंतु पोती ज्यांच्या खांद्यावरून जातात, त्यांना वाट बंद झाल्याचे सर्वांत अगोदर कळते, हे मात्र खरे.

समितीने कामगार संघटनांच्या या मागणीस पाठिंबा द्यावा असा विचार निघाला, तेव्हा आमच्या एका जुन्या व उदार दात्याने खेदपूर्वक आपली वार्षिक देणगी थांबविली. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांचे आक्षेप आपल्यापैकी इतरांच्याही मनात असतील, म्हणून त्यांस येथे उत्तर देतो.

ते म्हणाले, धर्मकार्यात राजकारण आणू नये. आमचे उत्तर असे की अन्न अडविणे हेच राजकारण आहे. ते अगोदर आलेले आहे. कोणत्या पक्षाने राज्य करावे यात आम्ही पडणार नाही. अन्नास वाट द्या एवढे मागण्यात कोणाचीही सत्ता जात नाही.

ते म्हणाले, संपाने व्यापार बुडतो. आम्ही आपणांस संपास वर्गणी मागत नाही. परंतु जेथे विनंतीअर्ज ऐकला जातो तेथे संपाची पाळी येत नाही. आपली सही अर्जावर असती तर कदाचित त्यांना काम थांबवावे लागले नसते. कामगाराने शस्त्रे चढविण्याचे नाकारिले, ती अडवणूक नव्हे काय, असेही त्यांनी विचारिले. बंदुकीचे खोके आणि गव्हाचे पोते यांत भेद करता येतो. आपला साधा हमालही तो करितो.

ते म्हणाले, दूरच्या देशाचे आपणांस काय? बंगालही मध्यप्रांतास दूरच वाटला होता.

असो. आता समितीची विनंती काय आहे ते थोडक्यात सांगतो.

पहिली विनंती नेहमीचीच, देणगीची. तिचा एक भाग या भागातील दुर्गम गावांत मृगापूर्वी धान्य, मीठ, तेल व औषधे पोचविण्याकडे खर्च होईल. दुसरा भाग युद्धपीडितांसाठी, कायद्याने मोकळ्या असलेल्या मार्गाने, तटस्थ सेवासंस्थांकडे जाईल. दोन्हींचा हिशेब निरनिराळा ठेविला जाईल.

दुसरी विनंती सहीची. सभेच्या दाराशी मेजावर एक विनंतीअर्ज ठेविला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. एक, १९७७ च्या जोडकरारांत आपला देश अद्याप सामील नाही. भारत सरकारने ते स्वीकारावे. ज्या देशाने बंगाल सोसला त्याची सही त्या कागदावर नसावी, हे आम्हांस बोचते. दुसरी, कोणत्याही युद्धात, मग युद्ध करणारे आपले मित्र असोत वा नसोत, अन्न व औषधांस तटस्थ देखरेखीखाली वाट मिळावी, असा आग्रह आपल्या सरकारने उघडपणे धरावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने गाझासाठी साडेसहा टन औषधे व बत्तीस टन इतर साहित्य इजिप्तच्या एल-अरीश येथे पाठविले, हे उचित झाले. औषध पाठविणाऱ्याने वाटही मागावी, एवढेच आमचे म्हणणे. तिसरी, आपल्या या अरण्यात कोणताही संघर्ष असो, तांदळाचे पोते व औषधाची पेटी सरकारने किंवा सरकारच्या शत्रूने, कोणीही अडवू नये.

तिसरी विनंती जरा अवघड आहे. समितीच्या कार्यकारी मंडळात यंदापासून हमाल, गाडीचालक व गोदामातील कामगार यांच्या संघटनांचे प्रतिनिधी घ्यावे असे आम्ही योजिले आहे. पुण्याची हमाल पंचायत कष्टकऱ्यांसाठी 'कष्टाची भाकर' चालविते, हे आपणांस ठाऊकच असेल. अन्न उचलणारा माणूस अन्न देण्याच्या कामात मागे नसतो. आजवर तो आमच्या गाडीच्या मागच्या भागात बसत आला. आता त्याने आमच्याबरोबर मेजाशी बसावे. आपल्यापैकी काहींस हे रुचणार नाही. तरीही आपण त्यांच्या शेजारी बसून एकदा तरी बोलून पाहावे, अशी प्रार्थना आहे.

सभा संपल्यावर आपण परत निघाल तेव्हा पर्लकोटा पाहून जावे. सध्या तिला पाणी थोडे आहे. पाय भिजवून पलीकडे जाता येते. अशा वेळी पूर आठवत नाही, हीच माणसाची मोठी चूक. बंद वाटेची तजवीज वाट उघडी असतानाच करावी लागते. त्या वयस्क हमाल गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस उशिरा सापडले. पूल सरकाराकडे मागावयाचा, आणि तो एकट्या हमालाने नव्हे, एकट्या दात्यानेही नव्हे, तर दोघांनी मिळून मागावयाचा. दाराशी मेजावर अर्ज आहे, दौत-लेखणी आहे. शेजारीच देणगीची पावतीवही आहे. आपण दोहोंवर सही कराल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.

आपले नम्र,
समितीच्या वतीने, चिटणीस